निर्वासित आपला वैरी नाही, हिशेब सरकारला विचारा!



९ जानेवारी १९९६ ला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. पेपरात त्याची बातमी कोपऱ्यात आली. आपल्या पट्ट्यात तर तो पेपरही धड पोचत नाही. निकाल आहे अरुणाचल प्रदेशातल्या चकमा लोकांचा. अरुणाचल म्हणजे देशाचं पार पूर्वेचं टोक, चीन आणि ब्रह्मदेशाला लागून. तिथं चकमा आणि हाजोंग या जमातींची माणसं १९६४ च्या सुमारापासून राहतात. ती मूळची सीमेपलीकडली, म्हणजे निर्वासित. तिथल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेनं त्यांना नोटिसा दिल्या, राज्य सोडून चालते व्हा म्हणून. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग कोर्टात गेला. कोर्टानं सांगितलं की माणूस या देशाचा नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे. कोणत्याही टोळक्यानं धमकी देऊन त्यांना हाकलायचं नाही. नागरिकत्वासाठी त्यांनी केलेले अर्ज जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं दाबून ठेवायचे नाहीत, केंद्राकडे पाठवायचे. निर्णय होईपर्यंत कोणाला घरातून काढायचं नाही.

हा निकाल आम्ही बैठकीत वाचून दाखवला तेव्हा काही जण म्हणाले, "आपल्याले का घेनं-देनं जी त्या चकमा लोकायचं? आपलंच कोनी आयकत नाही." दुसरे जरा रागात म्हणाले, "निर्वासित म्हनजे आपली जमीन घेनारे. त्यायच्यासाठी कोर्ट धावते, आपल्यासाठी नाकेदार."

ही दोन्ही बोलणी आम्ही मनावर घेतली. त्यांचं उत्तर द्यायला हा लेख लिहिला आहे. आमचं म्हणणं आधीच सांगतो. जीव वाचवायला आलेल्या माणसाला आसरा देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, उपकार नाहीत. पण ते कर्तव्य आदिवासीच्या जमिनीतून, आदिवासीला न विचारता फेडायचा अधिकार सरकारला नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. त्या आड येतात असं आपल्याला शिकवलं जातं, कारण आपण एकमेकांशी भांडलो की हिशेब विचारायला कोणी उरत नाही.

धरणानं पळवलेली माणसं

चकमा कोण? आपल्यासारखेच डोंगरातले, जंगलातले लोक. त्यांचा मुलूख चितगावचे डोंगर. फाळणीत तो पाकिस्तानात गेला, आज बांगलादेशात आहे. तिथं कर्णफुली नावाची नदी आहे. खोऱ्यात ते नांगराची भातशेती करत, उतारावर फिरती शेती करत. त्या शेतीला तिकडे झूम म्हणतात, आपल्याकडे माडिया पेंदा म्हणतात.

त्या मुलखात बांबू भरपूर. म्हणून १९५३ साली चंद्रघोना इथं कागदाचा मोठा कारखाना निघाला. मग वीज पाहिजे झाली. म्हणून अमेरिकेच्या पैशानं कर्णफुलीवर काप्ताई इथं धरण बांधलं. १९६२ साली धरण पुरं झालं. पाण्याखाली ५४ हजार एकर शेतजमीन गेली. त्या डोंगरी मुलखातली कसदार जमीन होतीच थोडी, तिच्यातला १०० पैकी ४० हिस्सा बुडाला. सुमारे १ लाख माणसं उठली. रांगामाटीचं जुनं गाव बुडालं, चकमा राजाचा वाडा बुडाला. भरपाई कोणाला? ज्याच्याकडे कागद त्याला, तीही तोकडी. झूम करणाऱ्याकडे कागद कुठला? पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर पेरणारा माणूस सरकारी वहीत जमिनीचा मालक नव्हताच.

बांबू, कागद कारखाना, वीज, धरण आणि शेवटी "तुझा कागद दाखव". साथींनो, ही गोष्ट कोणत्या मुलखाची आहे ते क्षणभर विसरा. आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, ओळखीची वाटते का.

त्यातले सुमारे ४० हजार लोक १९६४ च्या सुमारास सीमा ओलांडून भारतात आले. चकमा लोक त्या निघण्याला 'बड परंग' म्हणतात, म्हणजे मोठी निघणी. त्याच काळात पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, त्यातून हाजोंगही पळून आले. काही त्रिपुरा-आसामात राहिले, काही हजारांना भारत सरकारनं तेव्हाच्या नेफा भागात नेऊन वसवलं. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल. घरामागे ४२०० रुपये मदत मंजूर केली. १९९६ साली त्यांची संख्या ६५ हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज निकालात दिला आहे. तिथं जन्मलेली पोरं तोवर स्वतः आईबाप झाली होती, पण मतदार यादीत नाव नव्हतं. त्यांच्या वस्त्यांची नाकेबंदी होते, रेशन, शाळा, दवाखाना तोडला जातो, अशा तक्रारी आयोगापुढे गेल्या. तेव्हा कुठं हे प्रकरण कोर्टात आलं.

जगाचा कायदा काय म्हणतो

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो माणसं बेघर होऊन भटकत होती. त्यांच्यासाठी १९५१ साली अनेक देशांनी मिळून जिनीव्हात एक करार केला. त्याला निर्वासितांचा करार म्हणतात. सुरुवातीला तो १९५१ च्या आधीच्या घटनांपुरता होता. १९६७ साली जोडकरार करून ती मुदत काढली, मग तो सगळ्या जगाला लागू झाला.

करारातली मुख्य कलमं साधी आहेत. आपल्या वंशामुळे, धर्मामुळे, राष्ट्रीयत्वामुळे, एखाद्या समाजगटातला असल्यामुळे किंवा राजकीय मतामुळे आपला छळ होईल अशी रास्त भीती असलेला आणि म्हणून देशाबाहेर पडलेला माणूस म्हणजे निर्वासित. त्याला पुन्हा जिवाच्या धोक्यात ढकलून द्यायचं नाही. ही सगळ्यात मोठी अट. जीव वाचवायला चोरवाटेनं आला, परवाना नव्हता, एवढ्यावरून त्याला शिक्षा करायची नाही. त्याच्या पोरांना प्राथमिक शाळा द्यायची. त्याला कामधंदा करू द्यायचा. त्याला ओळखीचा कागद द्यायचा. होईल तितक्या लवकर त्याला नागरिक करून घ्यायचं बघायचं.

भारतानं या करारावर सही केलेली नाही, १९५१ च्याही नाही आणि १९६७ च्याही नाही. मात्र संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठी जे कार्यालय आहे, त्याच्या कार्यकारी समितीत भारत १९९५ साली जाऊन बसला. म्हणजे पंचांच्या सतरंजीवर जागा पाहिजे, पण पंचांचा नियम आपल्याला लागू करायचा नाही.

देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. २०२५ पर्यंत होता तो इंग्रजांच्या वेळचा १९४६ चा विदेशी व्यक्तींचा कायदा. त्यात सहलीला आलेला, हेरगिरीला आलेला आणि पोरं कडेवर घेऊन जीव वाचवायला आलेला, तिघंही एकच. तिघंही "विदेशी".

कोणी म्हणेल, कायदा नसला म्हणून काय झालं, भारतानं आसरा तर दिलाच. खरं आहे. १९५९ पासून तिबेटी आले. आपल्या शेजारी आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ त्यांची वसाहत आहे, पुष्कळांनी पाहिली असेल. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत सुमारे १ कोटी माणसं आली, त्यांना छावण्यांत सांभाळलं. १९८३ नंतर श्रीलंकेतून तमिळ आले. पण कोणाला काय मिळालं ते बघा. कोणाला जमीन, शाळा आणि कागद मिळाले. कोणाला नुसती छावणी. कोणाला तीस वर्षांतही काहीच मिळालं नाही. का? कारण सगळं दिल्लीच्या मर्जीवर. मर्जी असली तर पाहुणा, मर्जी फिरली तर घुसखोर.

हक्क आणि मर्जी यांच्यातला फरक आपल्यापेक्षा चांगला कोणाला कळणार? निस्तार हा आपला हक्क होता. वनखात्याच्या कागदात हळूहळू त्याची "सवलत" झाली. सवलत देणारा ती कधीही काढून घेतो. इंधनाची मोळी, घराला बल्ली, चराईला गुरं, एकेक करून काढूनच घेतली. म्हणून सुप्रीम कोर्टाच्या या निकालाचं मोल आहे. राज्यघटनेचं २१ वं कलम प्रत्येक माणसासाठी आहे, फक्त नागरिकासाठी नाही, हे कोर्टानं ठासून सांगितलं. जिवाचा हक्क ही सवलत नाही.

कायद्यातलं भगदाड

आता त्या जगाच्या करारातलं एक मोठं भगदाडही सांगितलं पाहिजे. त्यातल्या पाच कारणांत धरण नाही. अभयारण्य नाही, खाण नाही, कारखाना नाही. काप्ताईच्या पाण्यानं उठलेला चकमा, नुसत्या पाण्यापुरतं बोलायचं तर, त्या करारातला निर्वासित ठरेलच असं नाही. आणि सीमा न ओलांडता चितगावच्या डोंगरातच वरच्या उतारावर सरकला असता तर नक्कीच ठरला नसता. तो नुसता "प्रकल्पग्रस्त". जखम तीच, घर तेच बुडालं, पण सीमा ओलांडली तर जगानं बघायचं, ओलांडली नाही तर ज्या सरकारनं बुडवलं त्याच सरकारच्या दारात उभं राहायचं.

आपल्या राज्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याचे आदिवासी सरदार सरोवराच्या पाण्यापुढे उभे राहिले. मणिबेलीची घरं गेली. त्यांच्यासाठी जिनीव्हात काही कलम नाही. आपल्याच देशात बेघर झालेल्यांचा प्रश्न बघायला संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली एक प्रतिनिधी नेमला, पण सरकारांना बांधून टाकणारा करार तेव्हा झालेला नव्हता.

तरी एक कागद आहे, आणि तो आपण पाठ केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५७ चा १०७ क्रमांकाचा करार. त्यात लिहिलं आहे की आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या जमिनीवर त्यांची मालकी मानायची. त्यांच्या राजीखुशीशिवाय त्यांना तिथून हलवायचं नाही. देशाची सुरक्षा, आर्थिक विकास किंवा लोकांचं आरोग्य अशा कारणानं अपवाद म्हणून हलवावं लागलंच, तर निदान तेवढ्याच कसाची जमीन द्यायची आणि नुकसान भरून द्यायचं. "आर्थिक विकास" ही पळवाट त्यात ठेवलीच आहे, ते आम्ही झाकत नाही. पण जमिनीला जमीन हे तरी त्यात स्वच्छ आहे.

भारतानं या करारावर १९५८ साली शिक्कामोर्तब केलं. पाकिस्ताननं १९६० साली केलं, म्हणजे काप्ताईचं पाणी भरायच्या आधी. करार मान्य करून दोन वर्षांत त्याच सरकारनं १ लाख आदिवासी उठवले. सही केली म्हणजे माणूस वाचला असं नाही. सहीमागं माणसं उभी राहावी लागतात. भारत सरकारची सही तर १९५८ सालची आहे. ती आठवण करून द्यायला आपल्यातले किती जण तहसीलवर गेले?

आपल्या मुलखातली गोष्ट

१९६० नंतरच्या दहा वर्षांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं दंडकारण्यात आणलं. कोरापुट, बस्तर आणि आपला तेव्हाचा चांदा जिल्हा. आज मुलचेरा-चामोर्शीकडे त्यांच्या वसाहती आहेत. जंगल साफ करून जमिनी आखून दिल्या. इथल्या आदिवासीला कोणी विचारलं नाही.

तेव्हा एका माणसानं आवाज उठवला. लाल श्याम शाह. ते चांद्याचे अपक्ष खासदार होते. आदिवासींच्या मुलखात निर्वासित वसवले जातात आणि आदिवासींचं कोणी ऐकत नाही, म्हणून त्यांनी १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला. वर्ष लक्षात घ्या. त्याच १९६४ साली तिकडे नेफात चकमांना नेऊन सोडायची तयारी चालली होती. दिल्लीला देशाच्या नकाशावर जिथं जिथं आदिवासी दिसला, तिथं तिथं रिकामी जमीन दिसली.

आपल्या लोकांचा राग तिथून आहे. तो राग खरा आहे. ज्या जंगलात आपल्या जबरानजोतीवर नाकेदार गुरं घालतो, गुन्हा दाखल करतो, त्याच जंगलात सरकारनं मनात आणलं तेव्हा हजारो एकर एका हुकमानं मोकळं झालं. मग आपल्या दोन एकरांना कोणता कायदा आडवा येतो?

पण तो राग ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढू या. मुलचेऱ्याला आलेला बंगाली कोण होता? बहुतेक नमःशूद्र, खालच्या जातीचा, कोळी, शेतमजूर. आगगाडीत कोंबून, छावणीत महिनोन्‌महिने ठेवून, कधी न पाहिलेल्या साल-सागाच्या रानात आणून टाकलेला. त्यानं जागा निवडली नव्हती. पश्चिम बंगालमध्ये त्याची जात अनुसूचित जातीत धरतात. आपल्या राज्यात धरत नाहीत, म्हणून त्याच्या पोराला सवलतीचा दाखला मिळत नाही. १९७८ साली दंडकारण्यातले हजारो निर्वासित परत बंगालात गेले, सुंदरबनातल्या मारीचझापी बेटावर स्वतःच्या हातानं वस्ती उभी केली. १९७९ साली तिथल्या सरकारनं पोलिस घालून ती वस्ती उठवली. गरिबांचं सरकार म्हणवणाऱ्यांनी उठवली. म्हणजे ज्याला आपल्या जमिनीवर आणून बसवलं, त्यालाही या सरकारांनी माणूस मानलं नाही. त्याला वापरलं, आणि आपल्याला मोजलंच नाही.

सगळेच गरीब असंही आम्ही म्हणत नाही. वसाहतीच्या मागोमाग दुकानदार आले, सावकार आले, मोहफुलाच्या मापात मारणारे आले, आदिवासीचा अंगठा घेऊन शेत नावावर करणारे आले. ते बंगाली असोत, तेलंगी असोत की आपले मराठी, त्यांच्यासाठी आदिवासीची जमीन परत करायचा १९७४ चा कायदा आहे. तो चालवा. त्यात भाषा बघायची नाही, सातबारा बघायचा.

"पण ते आपल्याला बुडवतील"

एक सवाल उरतोच आणि तो टाळून चालणार नाही. अरुणाचलचे आदिवासी म्हणतात, आमच्या जमाती लहान, बाहेरचे वाढले तर आम्हीच आमच्या मुलखात परके होऊ. निकालात नोंद आहे की चकमांना जमीन स्थानिकांशी बोलून दिली. तिथले लोक म्हणतात, आमची संमती घेतली नाही. त्यांची भीती खोटी नाही. त्रिपुरा बघा. १९४१ साली तिथं निम्मे लोक आदिवासी होते. फाळणीनंतर निर्वासित आले आणि १९८१ पर्यंत आदिवासी तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेले. जमीन गेली, मग सत्ता गेली.

आणि चितगावच्या डोंगरात चकमांवरही तेच झालं. १९७९ नंतर बांगलादेश सरकारनं सपाटीवरचे लाखो भूमिहीन बंगाली तिथं आणून वसवले. लष्कर आणि वसाहतवाले मिळून डोंगरातल्या लोकांवर तुटून पडले. १९८६ साली सुमारे ५० हजार माणसं पळून त्रिपुरात आली. त्यातली पुष्कळ १९९६ सालीही छावण्यांतच होती. बघा कसं चक्र फिरतं. एका ठिकाणी जो आदिवासी निर्वासितांच्या लोंढ्याखाली दबतो, तोच दुसऱ्या ठिकाणी निर्वासित म्हणून आदिवासीच्या दारात उभा राहतो. चक्र फिरवणारा हात मात्र कुठंच उठत नाही.

मग काय करायचं? चकमांना हाकलायचं? कुठं? ज्या गावाला परत पाठवायचं ते गाव काप्ताईच्या तळाशी आहे.

याचं उत्तर त्या १९५१ च्या कराराच्या सुरुवातीलाच आहे. आसरा देण्याचा बोजा काही देशांवर फार जड पडू शकतो, म्हणून सगळ्या देशांनी मिळून तो उचलला पाहिजे, असं तिथं लिहिलं आहे. देशादेशांमध्ये जे खरं, ते देशाच्या आतही खरं. आसरा द्यायचा तर साऱ्या देशानं द्यायचा. ज्यांच्याकडे हजारो एकर पडीक आहे त्या बड्या जमीनदारांनी, साखरेच्या पट्ट्यांनी, शहरांनी, केंद्राच्या तिजोरीनं वाटा उचलायचा. देशातल्या सर्वात लहान, सर्वात गरीब जमातीच्या डोक्यावर सगळा बोजा ठेवून दिल्लीनं दानशूर म्हणून मिरवायचं, याला दान म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या कोंबड्यानं नवस फेडणं म्हणतात.

आमच्या गावात आम्हीच सरकार

आपण घोषणा देतो, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. छाती फुगवून देतो. मग सरकार होण्याचा अर्थही घ्यावा लागेल. सरकार म्हणजे नुसता हुकूम नाही, त्याला कर्तव्यं असतात. आज आम्ही दिल्लीला विचारतो, आलेल्या माणसाचं तू काय केलंस? उद्या हाच सवाल ग्रामसभेला येईल.

आपल्या गावांची रीत काय आहे? बाहेरून एखादं घर आलं, तर गाव बसतं. कोण, कुठून, का आलास ते विचारतं. मग गाव ठरवतं. जागा कुठं द्यायची, किती द्यायची, देवाला काय द्यायचं, गावचे नियम काय पाळायचे. न विचारता कोणी कुऱ्हाड लावली तर गाव दंड करतं. पण उपाशी, लेकरंबाळं घेऊन आलेल्याला गाव आधी भात देतं, मग सवाल विचारतं. जिनीव्हाचा करार होण्याच्या आधीपासून ही रीत आहे. तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. आलेल्याचा जीव आणि गावाची संमती. दिल्लीच्या रीतीत दोन्ही नाहीत.

म्हणून आमचा जवान पोरांना सांगावा आहे.  १९९६ च्या सुमारास मुंबईत "बांगलादेशी हटाव"चा डंका वाजला. तो आपल्या आठवडी बाजारातही येईल. जीपमधून लोक येतील, वसाहतीकडे बोट दाखवतील, तुमची जमीन यांनी खाल्ली म्हणतील. त्यांना एवढंच विचारा, जबरानजोतीचे पट्टे कधी देता? १९७४ च्या कायद्यानं किती जमीन परत केली? धरणाला, खाणीला, अभयारण्याला तुम्ही विरोध कराल का? उत्तर आलं नाही, तर समजा हा आपल्या भल्यासाठी आलेला नाही. आणि ध्यानात ठेवा, हे लोक "परका" कसा ओळखतात? कागदावरून. ज्याच्याकडे कागद नाही तो परका. आज ते वसाहतीत कागद मागतील. उद्या जंगलातल्या पाड्यावर तोच सवाल येईल, आणि आपल्याकडे दाखवायला गुन्ह्याच्या पावत्यांशिवाय काय आहे? कागद नसलेल्या माणसालाही हक्क असतात, हेच तर आपण वर्षानुवर्षं सांगतोय. ते चकमाच्या बाबतीत खोटं मानलं, तर आपल्या बाबतीत खरं कसं ठरेल?

आपलं म्हणणं

आपल्या ग्रामसभांनी खालील ठराव घ्यावेत, आणि मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यावेत, असा आमचा आग्रह आहे.

१. निर्वासितांसाठी देशात कायदा करा. जिवाच्या धोक्यात परत ढकलणार नाही, प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेऊ, ओळखपत्र, काम आणि शाळा देऊ, हे त्यात लिहा. १९५१ च्या करारावर सही करा.

२. सुप्रीम कोर्टाचा ९ जानेवारीचा निकाल अमलात आणा. चकमा-हाजोंगांचे नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढा. आणि अरुणाचलच्या आदिवासींच्या जमिनीला, त्यांच्या संख्येला धक्का लागणार नाही याची हमी केंद्रानं स्वतः द्यावी, त्याचा खर्च स्वतः सोसावा.

३. आदिवासी भागात कोणालाही वसवायचं असो, कशासाठीही जमीन घ्यायची असो, ग्रामसभेची संमती घ्या. भुरिया समितीनं १९९५ च्या जानेवारीत अहवाल दिला, गावाचा अधिकार माना असं सांगितलं. त्या अहवालाप्रमाणे वागा.

४. देशाच्या आत उठवलेल्या माणसालाही निर्वासिताइतकंच संरक्षण द्या. १०७ क्रमांकाच्या करारावर केलेली सही पाळा. जमिनीला जमीन, आणि आधी जमीन, मग पाणी.

५. आपल्या जिल्ह्यात आधीच वसलेल्या गरीब निर्वासितांना कोणी हात लावणार नाही. त्यांना त्यांच्या जातीचा दाखला मिळावा या मागणीला आपला पाठिंबा आहे. त्यांनीही आपल्या जबरानजोतीच्या लढ्यात सोबत यावं, असं आपण त्यांच्या वसाहतीत जाऊन सांगू.

पाचव्या ठरावावर काही गावांत वाद होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. होऊ द्या. बायाबापड्या, म्हातारे, पोरं, सगळे बसून वाद घाला. पण वाद घालताना आपलीच एक आठवण जागी ठेवा. १९८४ साली इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली इथं धरणं बांधायचा घाट घातला होता. तेव्हा "जंगल बचाव, मानव बचाव" म्हणत आपण हजारोंनी रस्त्यावर आलो. म्हातारपणी लाल श्याम शाहही त्या लढ्यात होते, बाबा आमटे होते. ती धरणं अडली म्हणून आज आपण आपल्या गावात आहोत.

ती अडली नसती तर आपणही कुठल्या तरी अनोळखी मुलखात, कुणाच्या तरी जंगलाच्या काठावर, पोरं कडेवर घेऊन उभे असतो. तिथल्या गावानं आपल्याला काय विचारावं असं आपल्याला वाटलं असतं? ग्रामसभेत सुरुवात त्या सवालापासून करा.

हा अंक वाचून झाला की पुढच्या गावाला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, गोंडीत समजावून सांगा. ठराव झाले की सह्या-अंगठ्यांसह बैठकीला घेऊन या.

जोहार!